रोगप्रतिकारक स्मृती

रोगप्रतिकारक स्मृती : एकदा संसर्ग घडवून गेलेला सूक्ष्मजंतू पुन्हा शरीरात शिरल्यास त्याला ओळखून पूर्वीपेक्षा अधिक जलद व प्रभावी प्रतिकार करण्याची शरीराची क्षमता. गोवरासारखा रोग बहुधा आयुष्यात एकदाच होतो, तो या क्षमतेमुळे.

त्वचा, श्लेष्मल अस्तर व भक्षिकोशिका (जंतू गिळून नष्ट करणाऱ्या कोशिका) यांचे संरक्षण जन्मजात असून ते सर्व जंतूंना सरसकट विरोध करते. अर्जित संरक्षण लसीका कोशिकांवर (पांढऱ्या कोशिकांच्या एका प्रकारावर) अवलंबून असते. प्रत्येक लसीका कोशिका ठराविक प्रतिजनच (प्रतिकारास चालना देणारा परकीय पदार्थच) ओळखते. बी लसीका कोशिकांपासून प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या कोशिका तयार होतात, तर टी लसीका कोशिका संक्रमित कोशिकांचा नाश करतात किंवा इतर कोशिकांना साहाय्य करतात. प्रथम संसर्गात या कोशिकांची पुरेशी वाढ होण्यास एक-दोन आठवडे लागतात. रोग ओसरल्यावर त्यांपैकी बहुतेक मरतात. उरलेल्या काही स्मृतिकोशिका म्हणून दीर्घकाळ टिकतात. पुढील संसर्गात त्या थोड्याच दिवसांत कार्यान्वित होतात. प्रतिपिंडे काही आठवड्यांतच नाश पावतात. परंतु अस्थिमज्जेतील दीर्घजीवी कोशिका ती सतत पुरवीत राहतात.

या स्मृतीच्या टिकाऊपणाचा उत्तम पुरावा फेरो बेटांवर मिळाला. तेथे १८४६ मध्ये गोवराची साथ येऊन सु. ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक आजारी पडले. मात्र १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही, असे पेटर लूथव्ही पानुम या डॅनिश वैद्यांना आढळले. मधल्या ६५ वर्षांत तेथे गोवर आलेला नव्हता.

गोवराचा व्हायरस स्मृतिकोशिकांनाच संक्रमित करतो. गोवराविरुद्ध स्मृती निर्माण होते. पण इतर रोगांविरुद्धची पूर्वार्जित स्मृती अंशतः पुसली जाते. नेदर्लंड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ततपासणीत गोवरानंतर प्रतिपिंडांच्या विविधतेत ११ ते ७३ टक्के घट आढळली (२०१९). बरे झालेले मूल पुढे न्यूमोनियासारख्या रोगांना सहज बळी पडते, त्याचे हे एक कारण होय.

लशीतील दुर्बल केलेला व्हायरस अशी हानी न करता स्मृती निर्माण करतो. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराच्या लशीचा समावेश १९८५ मध्ये झाला. तथापि लसीकरणात खंड पडल्यास साथ उद्भवते, हे २०२२ मध्ये मुंबईत दिसून आले. ही स्मृती व्यक्तीबरोबरच संपते. म्हणून प्रत्येक नव्या पिढीत ती नव्याने निर्माण करावी लागते.