निनावी निरोप

उर्दू शायरीतील 'तखल्लुस' तुम्हांला माहीतच आहे. मिर्झा असदुल्ला खान यांनी 'गालिब' हे नाव घेतले; पण गालिब कोण, हे सर्वांना ठाऊक होते. गुमनाम राहणे ही गोष्ट वेगळी.

गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे लिहिली. हीच ती प्रसिद्ध 'शतपत्रे'. ते सरकारी नोकर होते आणि पत्रांत स्वतःच्याच समाजातील रूढींवर कडक टीका असे. मात्र 'प्रभाकर'चे संपादक भाऊ महाजन होते. लिहिणाऱ्याचे नाव झाकलेले असले, तरी छापणारा उघड होता. जाब विचारायला एक दार होते.

मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपाला असे दार नसते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्याआधी हवामान खात्याने इशारा दिला होता. तो चुकला असता, तर खात्याला विचारता आले असते. पण उद्या मुरुडच्या कोळीवाड्यात 'वादळ येणार' असा बिननावाचा निरोप आला, तर कोणाला विचारणार?

अशा निरोपाने माणसांचे जीवही जातात. २०१८ साली मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवर पसरली. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना मारहाण करून ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागणारे गरीब लोक होते. मारणारे पकडले गेले; पण अफवा प्रथम लिहिणारा कोण होता?

मग नाव लपवणे नेहमीच वाईट का? नाही. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख वृत्तपत्रांनी उघड करू नये, असे २०१२ चा 'पॉक्सो' कायदाच सांगतो. गावातील बलवान माणसाविरुद्ध खरी तक्रार करणाऱ्यालाही आडोसा हवा असतो. येथे दुबळ्याचे रक्षण होते. याउलट, खोट्या नावाचे खाते उघडून वर्गातील मुलीची टिंगल करणारा स्वतः सुरक्षित राहून दुबळ्यालाच मारतो. मला विचाराल, तर हा निव्वळ भ्याडपणा आहे. शिवाय तो समजतो तितका लपलेलाही नसतो. खाते कोणत्या फोनवरून वापरले, याचा माग पोलीस बहुधा काढू शकतात.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पुढे पाठवलेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' अशी खूणही दिसू लागली. मूळ लिहिणाऱ्याचे नाव मात्र त्या खुणेत नसते.