गुडघ्यातला खड्डा

आमच्या मंचरच्या मशिदीत मागच्या सफमध्ये हल्ली खुर्च्या असतात. तिथे बसणारे बहुतेक साठीपलीकडचे. गेल्या रमजानमध्ये त्या रांगेत आमचा चोवीस वर्षांचा भाचा बसलेला दिसला आणि आमचे तरावीहमध्ये लक्ष लागेना.

कबड्डीत पकड करताना तो डाव्या गुडघ्यावर पडला होता. सूज उतरली आणि घरात सगळ्यांनी विषय सोडून दिला. त्या सगळ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. तेल, हळदीचा लेप, गोळ्या, असे आठ महिने गेले. त्याचे काम बाजारात कांद्याच्या गोण्या उचलण्याचे. जिना उतरताना गुडघा अडकू लागला. एका दवाखान्यात ‘गादी झिजली, जपून राहा’ एवढेच सांगितले. पुण्याला एमआरआय काढल्यावर कळले, की गादी सगळी झिजलेली नाही. मांडीच्या हाडाच्या टोकावर एकाच जागी तीन चौरस सेंटीमीटरचा खड्डा पडला आहे.

झीज वेगळी आणि खड्डा वेगळा. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत आवरण असते, त्याला कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून दुरुस्तीचे सामान तिथे पोहोचत नाही. नसाही नाहीत, म्हणून सुरुवातीला बरेचदा कळतच नाही. खालचे हाड उघडे पडले की ठणका लागतो. कूर्चा एकदा गेली की पुन्हा भरत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवले होते.

१९८७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गला लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच गुडघ्याच्या कडेला, जिथे भार येत नाही तिथून, दुर्बिणीने कूर्चेचा लहानसा तुकडा काढायचा. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या. मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात भरायच्या. १९९४ साली त्यांनी पहिल्या २३ रुग्णांची हकिकत छापली. मांडीच्या हाडाचा खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. गुडघ्याच्या वाटीमागे खड्डा असलेल्या ७ पैकी मात्र फक्त दोघांना. आम्हाला ही दुसरी ओळ जास्त मोलाची वाटते, कारण जाहिरातीत ती कोणी छापत नाही.

आपल्याकडे २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांनी रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशाच उपचाराला मान्यता दिली. खड्डा लहान असेल तर हाडाला बारीक छिद्रे पाडूनही काम भागते, पण त्यातून येणारा थर मूळ कूर्चेइतका टिकाऊ नसतो.

हे सगळे ऐकून आमच्या आपा डॉक्टरांना म्हणाल्या, “साहेब, माझ्या गुडघ्यातून घ्या ना पेशी. माझं काय, झालं आता.” डॉक्टर हसले नाहीत. पेशी ज्याच्या त्याच्याच लागतात, असे त्यांनी शांतपणे समजावले. मग आपांचे स्वतःचे गुडघे पाहिले. त्या रात्री रात्री पाय चोळत बसतात, हे आम्हाला तेव्हा कळले. त्यांची कूर्चा सगळीकडून झिजली आहे, त्यांना हा उपचार लागू नाही. हा उपचार तरुण माणसाच्या ठरावीक जागेच्या खड्ड्यासाठी आहे. पाय वाकडा असेल किंवा स्नायूबंध तुटलेला असेल, तर आधी किंवा सोबत तेही दुरुस्त करावे लागते.

खर्च लाखांत आहे. दोन ऑपरेशने, नंतर साधारण सहा आठवडे कुबड्या, महिनोन्‌महिने व्यायाम, आणि धावपळीचा खेळ वर्षभर तरी बंद. हमालाला वर्षभर गोणी उचलू नको म्हणणे म्हणजे काय, हे आम्हा पगारी माणसांना नीटसे कळत नाही. विमा आणि सरकारी योजनेत काय बसते हे लेखी विचारून घ्या, असे डॉक्टरांनी स्वतःहून सुचवले.

पहिले ऑपरेशन गेल्या महिन्यात झाले. तुकडा प्रयोगशाळेत गेला आहे. दुसऱ्याची तारीख पुढच्या पंधरवड्यात आहे. त्याच्या आडत्याने निरोप धाडला आहे, की कुबड्या सुटल्या की काट्यावर बसून चिठ्ठ्या लिही. भाच्याचे अक्षर अगदी वाईट आहे. सध्या रोज संध्याकाळी आम्ही त्याच्याकडून मराठी आकडे गिरवून घेतो.