तहानलेली होडी

पावसाळा सुरू झाला की घरातले एखादे दार चौकटीत अडकू लागते. आपण सुताराला बोलावतो, तो कडेने रंधा मारतो आणि दार पुन्हा नीट लागू लागते. पुढे मार्च-एप्रिलमध्ये त्याच दाराला बोटभर फट पडते, आणि आपण सुतारालाच दोष देतो! दाराच्या बाबतीत ही चूक फारशी महाग पडत नाही. होडीच्या बाबतीत मात्र पडते. कशी, ते मला माझ्याच अनुभवातून कळले.

आमची शाळा सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी आहे. गावात आंब्याखाली एक लहान शिडाची होडी तीन वर्षे पडून होती. मालक म्हणाले, "गुरुजी, मुलांना शिकायला न्या." मला होडीतले काहीच कळत नव्हते. पण विज्ञान शिकवतो, तेव्हा हे जमेल असे वाटले. एप्रिलच्या उन्हात आम्ही रंग खरवडला. फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढ्या फटी दिसल्या. मी त्या सगळ्या फटींत एपॉक्सी भरले, ते दगडासारखे कडक झाले. वरून रंग दिला. मेअखेरीस होडी पाण्यात सोडली. एक थेंबही आत आला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी होडीत वीतभर पाणी होते. एक फळी उभी चिरली होती आणि आतल्या दोन फासळ्यांपासून फळ्या सुटून बाहेर आल्या होत्या. गावातले एक वृद्ध सुतार येऊन पाहून गेले. ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, हिका आधी पाणी पाजूचा होता."

लाकूड फुगते म्हणजे काय होते?

लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या असंख्य बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वाहते. लाकूड कापून वाळवले की आधी नळ्यांच्या पोकळीतले पाणी जाते. तोवर लाकडाचा आकार बदलत नाही, फक्त वजन घटते. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के उरले की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. यापुढे नळ्यांच्या भिंतींत मुरलेले पाणी जाऊ लागते, भिंती पातळ होतात आणि लाकूड आक्रसते. पाणी परत मिळाले की भिंती पुन्हा जाड होतात आणि लाकूड फुगते.

नळ्यांच्या भिंती जाड झाल्या की जुडी रुंद होते, लांब मात्र फारशी होत नाही. म्हणून फळीची लांबी जवळपास तेवढीच राहते आणि रुंदी बदलते. रुंदीतही फरक आहे. झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढा बदल होतो, त्याच्या साधारण निम्माच गाभ्यापासून सालीच्या दिशेने होतो. फळी ओंडक्यातून कशी कापली आहे, यावर ती किती फुगणार हे ठरते.

आता थोडे गणित करू. साग हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड. तरीही पूर्ण ओले असलेले सागाचे लाकूड पूर्ण कोरडे केले तर वर्तुळांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आक्रसते. उन्हात पडलेल्या फळीत १२ टक्के पाणी आहे आणि होडी पाण्यात टाकल्यावर ते २२ टक्के होते, असे धरू. म्हणजे ३० पैकी १० टक्क्यांचा फरक. तेव्हा फुगणे ६ च्या एक-तृतीयांश, २ टक्के. २० सेंटिमीटर रुंदीची फळी ४ मिलिमीटरने वाढणार. एका बाजूला अशा आठ फळ्या असतील तर वाढ ३२ मिलिमीटर!

म्हणजे होडीच्या फटी हे तिचे दुखणे नव्हते. ती तिची वाढण्याची जागा होती. मी ती जागा कडक वस्तूने भरून टाकली. फळ्या फुगल्या, त्यांना सरकायला वाव उरला नाही आणि त्यांनी फासळ्यांवरचे खिळे उपटले. भिजवलेल्या हरभऱ्यांनी काठोकाठ भरलेली बंद बाटली फुटते, तोच हा प्रकार.

मग फटी भरायच्या कशाने?

जुने कारागीर फटीत कापसाचा किंवा काथ्याचा पीळ ठोकून बसवतात आणि वरून तेलाची मऊ पुट्टी किंवा राळेचे मिश्रण लावतात. या दोन्ही वस्तू दबतात. फळी फुगली की कापूस आवळला जातो आणि सांधा आपोआप घट्ट होतो. शिडाच्या होडीला तर याची जास्तच गरज असते. शिडात वारा भरला की डोलकाठी खाली कण्यावर दाब देते, तिला बांधलेले दोर कडेच्या फळ्यांना वर ओढतात, आणि सगळी होडी किंचित पिळवटते. सांधे थोडे हलणारच. ते हलले तरी पाणी आत येऊ नये, ही खरी कारागिरी.

पाणी मित्र की शत्रू?

आपल्या विद्यार्थ्यांना विचारा: लाकडी होडी पाण्यात लवकर कुजेल की जमिनीवर? बहुतेक मुले "पाण्यात" असे उत्तर देतील. 'जिप्सी मॉथ ४' या नौकेची गोष्ट त्यांना सांगा. १९६६ साली इंग्लंडमध्ये बांधलेल्या या लाकडी शिडाच्या नौकेतून फ्रान्सिस चिचेस्टर यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑगस्ट १९६६ मध्ये ते निघाले, वाटेत फक्त सिडनीला थांबले आणि मे १९६७ मध्ये परतले. दक्षिण समुद्राच्या वादळांतून ही नौका तरली. पुढे ती लंडनमधील ग्रिनिच येथे जमिनीवर प्रदर्शनात ठेवली गेली. तिथे तिची हळूहळू इतकी दुर्दशा झाली, की लोकांना आत सोडणे बंद करावे लागले. २००५ साली तिची मोठी दुरुस्ती होऊन ती पुन्हा पाण्यात उतरली आणि तिने दुसरी पृथ्वीप्रदक्षिणा केली.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल हवी आणि हवाही हवी. लाकडात २० टक्क्यांहून कमी पाणी असेल तर बुरशी वाढत नाही. लाकूड पाण्याने पूर्ण भरलेले असेल तर तिला हवा मिळत नाही. या दोन्हींच्या मधली दमट अवस्था तिला सर्वांत मानवते, आणि नेमकी तीच अवस्था पावसाचे पाणी कोपऱ्यात साचून राहिले की तयार होते. समुद्राच्या पाण्यातले मीठही बुरशीला आवरते. म्हणूनच अमेरिकेतील काही जुन्या लाकडी जहाजांत फासळ्यांमधल्या जागेत मुद्दाम मीठ भरीत.

समुद्रात दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. हा खरे तर किडा नसून शिंपल्याच्या जातीचा मृदुकाय प्राणी आहे. म्हणून होडीचा तळ रंगाने किंवा लेपाने झाकावाच लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. त्यामुळे पावसाचे गोडे पाणी आत येत नाही आणि वारा मात्र खेळता राहतो. ही पद्धत किती विचारपूर्वक आहे, ते आता लक्षात येईल.

नवशिक्याने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे रंगाला हात लावण्याआधी होडी तपासावी. लहान हातोडीने ठोकत जावे. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजके भद्द वाजते. संशय आला तिथे दाभण टोचून पाहावे. डोलकाठीचा पाय, फळ्यांची टोके आणि खिळ्यांच्या भोवतालची जागा आधी पाहावी, कारण पाणी तिथेच साचते.

दुसरी गोष्ट, सगळे एकदम उचकटू नये. एक फासळी काढावी, तिच्या मापाची नवी बसवावी, मगच पुढची काढावी. नाहीतर होडीचा मूळ आकार हरवतो आणि तो परत आणता येत नाही.

तिसरी गोष्ट खिळ्यांची. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले तर विद्युतघट तयार होतो आणि लोखंड झपाट्याने झिजते. पितळेचे स्क्रूही चालत नाहीत. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि उरलेला भाग ठिसूळ होतो. एका होडीत शक्यतो एकाच धातूचे खिळे वापरावेत.

वर्गात करून पाहा

लाकडाचे दोन सारखे तुकडे घ्या, साधारण १० सेंटिमीटर रुंद. दोन्ही आठवडाभर कडक उन्हात वाळवा. त्यांचे वजन, लांबी आणि रुंदी नोंदवा. मग एक तुकडा मिठाच्या पाण्यात आणि एक साध्या पाण्यात बुडवून ठेवा. आठ दिवस रोज मोजा आणि आलेख काढा. वजन वाढतच राहते, पण रुंदीची वाढ कधी थांबते? ती का थांबली, हे मुलांनाच सांगू द्या.

आमच्या होडीचे पुढे काय झाले? ते एपॉक्सी पटाशीने खरवडून काढायला आम्हाला पुढच्या वर्षीची उन्हाळ्याची सुट्टी गेली. चिरलेली फळी आणि दोन फासळ्या बदलल्या. सुतारकाकांच्या देखरेखीखाली मुलांनी कापूस भरला. या वेळी होडी सोडली तेव्हा ती इतकी गळली, की संध्याकाळपर्यंत काठापर्यंत बुडाली. मुले रडकुंडीला आली. काका मात्र धक्क्यावर बसून विडी ओढत होते. दोन दिवस तिला तशीच पाण्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी आम्ही बादल्यांनी पाणी उपसले आणि वाट पाहत बसलो. दुपारपर्यंत तळाशी फक्त एक ओंजळ पाणी जमले होते.