परकी भाषा शिकायची आहे, पण…

मुलगा-सून जर्मनीत, नातवंडे आपसात जर्मन बोलतात. आजीला चार वाक्ये तरी शिकायची आहेत. परिचारिकेला परदेशी नोकरीची संधी दिसते. अडसर भाषेच्या परीक्षेचा आहे. इच्छा दोघींचीही आहे, पण पुस्तक उघडले जात नाही. ‘आता कुठे जमणार?’ या प्रश्नाशीच गाडी अडते. नेहमीच्या सबबींपैकी काही विज्ञानाच्या कसोटीवर तपासून पाहू.

‘आता वय झाले’

या सबबीत थोडे तथ्य आहे. इंग्रजी व्याकरणाच्या ऑनलाइन चाचणीत भाग घेतलेल्या सुमारे ६ लाख ७० हजार जणांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७-१८ वर्षांपर्यंत टिकते आणि मग घटू लागते, असे त्यात आढळले. मात्र हा प्रश्न मातृभाषकाइतके अचूक बोलण्याचा आहे. स्टेशनवर चौकशी करणे, डॉक्टरांना दुखणे सांगणे, नातवाशी गप्पा मारणे यासाठी तेवढी अचूकता लागत नाही. शिवाय मोठ्या माणसाला नियम समजावून घेता येतो, तुलना करता येते. लहान मुलाकडे ही शिदोरी नसते.

‘भाषेसाठी डोकेच नाही’

स्वीडनच्या लष्करात दुभाषे घडवणाऱ्या अकादमीतील तरुणांच्या मेंदूचे स्कॅन प्रशिक्षणापूर्वी आणि तीन महिन्यांच्या सखोल अभ्यासानंतर काढण्यात आले. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. तेवढाच कसून, पण भाषेव्यतिरिक्त विषयांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांत तसा बदल दिसला नाही. म्हणजे सरावाने मेंदूतही फरक पडू शकतो.

त्यातून मराठी माणसाचे भांडवल मोठे आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, विभक्तीही आहेत; दोन्ही कल्पना आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘वर’, ‘पासून’ यांसारखे शब्द नामानंतर लागतात, अगदी मराठीसारखे. ‘चमचा’तला च म्हणता येतो, त्याला जर्मनमधला ‘त्स’ जड जात नाही.

‘वेळ नाही’

अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी संस्था इंग्रजी भाषकांना फ्रेंचवर कामापुरते प्रभुत्व मिळवण्यासाठी वर्गातले ६०० ते ७५० तास, तर जपानीसाठी सुमारे २२०० तास धरते. आकडा छाती दडपवणारा आहे, पण पहिली पायरी तेवढी उंच नाही. जर्मनच्या ‘ए-१’ या प्राथमिक पातळीसाठी गोएथे इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका धरते, म्हणजे ६० ते १५० तास. रोज अर्धा तास दिला तर चार ते दहा महिने. पाठ्यपुस्तकासोबत रेडिओ आणि मोफत ध्वनिफिती वापरल्या, तर खर्चही फार येत नाही.

‘पाठ केलेले विसरतो’

विसरणे हा मेंदूचा स्वभाव आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच, निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, विस्मरणाचा वेग मोजला होता. सुरुवातीला झपाट्याने विसरायला होते, नंतर वेग मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे अंतराअंतराने उजळणी: आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी. उजळणी करताना यादी पुन्हा वाचू नका. शब्द झाकून अर्थ आठवा, कारण आठवण्याच्या प्रयत्नानेच तो पक्का होतो. एका दिवशी तीन तास बसण्यापेक्षा सहा दिवस अर्धा-अर्धा तास अधिक फळतो.

‘चुकलो तर हसतील’

भीती खरी आहे. म्हणून सुरुवात एकांतात करा: मोठ्याने वाचा, आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. मग एका ओळखीच्या माणसाशी बोला. चूक झाली की दुरुस्ती होते. गप्प राहिले की तीही होत नाही.

आणि डिमेन्शिया?

हैदराबादमध्ये डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात द्विभाषकांमध्ये हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले. निरक्षरांतही असाच फरक होता. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण दोनपेक्षा अधिक भाषा येणाऱ्यांना जास्तीचा लाभ आढळला नाही, आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे साठीनंतर शिकलेली भाषा म्हणजे विस्मरणावरचे औषध, असे समजू नये. वारंवार विसरायला होत असेल, तर डॉक्टरांनाच दाखवावे.

भाषा शिकावी ती माणसांसाठी. आज रात्री जेवणानंतर पाच शब्द लिहा, झोपण्यापूर्वी झाकून आठवा, आणि उद्या सकाळच्या चहाबरोबर पुन्हा आठवून पाहा. महिनाभरात दीडशे शब्दांशी ओळख होईल. त्यांतले काही निसटतील, पण जेवढे उरतील तेवढ्यांत आजीला नातवाची विचारपूस नक्की करता येईल.