भिसेगांवची वस्ती व खानेसुमारी

इतिहास म्हटला म्हणजे त्यांत राजे, किल्ले व लढाया असावयाच्याच, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. परंतु लहान गांवाचा इतिहास हा मुख्यत्वें तेथील वस्तीचा इतिहास होय. भिसेगांवाविषयीं याच दृष्टीनें आम्ही येथें थोडक्यांत लिहिणार आहों.

उल्हास नदीच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, कर्जत स्थानकालगत हें गांव वसलेलें आहे. या खोऱ्यांत सखल भागांत कुणबी, आगरी, मराठे आदि लोकांची भातशेती व डोंगरउतारावर ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या, अशी जुनी मांडणी होती. आगगाडीनें ती पालटली. इ. स. १८५६ मध्यें लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला व १८६३ मध्यें बोरघाट खुला झाला. सुमारें १५ मैलांत १,८३१ फूट चढणाऱ्या या मार्गावर एके काळीं सुमारें ४०,००० मजूर खपत होते. त्यांपैकीं कित्येक पटकीनें व अपघातांनीं दगावले. घाट चढावयाच्या गाड्यांस जादा इंजिनें कर्जत येथें जोडण्यांत येऊं लागलीं, त्यामुळें रेल्वेचे नोकर व व्यापारी या भागांत स्थायिक झाले. पुढें लोकल गाड्यांमुळें येथें राहून मुंबईस नोकरी करणारीं कुटुंबेंही वाढलीं.

इतक्या प्रकारच्या लोकांची नोंद कशी होते? आपल्या देशांत पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली व १८८१ पासून २०११ पर्यंत ती दर १० वर्षांनीं होत आली. मात्र भिसेगांव आतां कर्जत नगरपरिषदेच्या हद्दींत असल्यामुळें त्याची लोकसंख्या शहराच्या प्रभागांत मिसळून जाते. शिवाय २०११ ची मोजणी फेब्रुवारींत झाली. त्या दिवसांत या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर परगांवीं असतात. आणि मोजणीच्या संबंध काळांत जो घरीं नसेल, तो आपल्या वाडीच्या संख्येंत धरला जात नाहीं. वाडीची संख्या कमी दिसली, म्हणजे शाळा, पाणी व रस्ता यांची तिची गरजही कमी भासते.

याकरितां विद्यार्थ्यांनीं सुटींत एक काम करावें. आपलें घराणें येथें कोठून, केव्हां व कोणत्या कामासाठीं आलें, हें वडीलधाऱ्या मंडळींस विचारून वहींत लिहून ठेवावें, आणि पालकांनीं त्यांस साह्य करावें. सरकारी आंकड्यांवरून माणसें किती हें कळतें. तीं कोण व कां आलीं, हें मात्र अशा वह्यांवरूनच पुढील पिढीस कळेल.