भिलाई : स्थलांतराचा ताळेबंद

श्रमिकांचे स्थलांतर हे विकासाचे साधन की विषमतेचे लक्षण, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे भिलाईत सापडतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा हा परिसर नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

शेतीप्रधान दुर्ग जिल्ह्यात कुशल मनुष्यबळ अपुरे होते. ती उणीव देशाच्या विविध प्रांतांतून आलेल्या कामगारांनी भरून काढली. कायम कामगारांना निवास, शिक्षण व आरोग्य या सुविधा लाभल्या. मात्र कारखान्यासाठी आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या. प्रारंभी कारखान्यातील कामास फारसे उत्सुक नसलेले अनेक स्थानिक शेतकरी पुढे नोकरीची मागणी करू लागले. कालांतराने कायम पदे घटली आणि कंत्राटी कामगारांना त्या सुविधांचा तेवढा लाभ मिळाला नाही. दुसरीकडे, छत्तीसगडमधील अनेक भूमिहीन कुटुंबे भाताच्या कापणीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी आजही परराज्यांत जातात. त्यांच्या मुलांचे शिक्षण खंडित होते.

स्थलांतर रोखणे हा यावरील उपाय नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (घ) व (ङ) नुसार नागरिकांना देशभर संचाराचे व वास्तव्याचे स्वातंत्र्य आहे. शासकीय नोकरीसाठी निवासाची अट घालण्याचा अधिकार अनुच्छेद १६ (३) नुसार केवळ संसदेला आहे. म्हणून धोरणाचा भर संरक्षणावर असावा लागतो.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाचे संरक्षण ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांपुरते होते. त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या व्याख्येत स्वतःहून आलेल्या कामगारांचाही समावेश आहे. परंतु स्थलांतरितांविषयीच्या तरतुदींसाठी किमान कामगारसंख्या पाचवरून दहा झाली. त्यामुळे लहान आस्थापनांतील कामगार वगळले जाण्याची शक्यता राहते. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचल्याने धान्याचा हक्क कामगारासोबत प्रवास करू लागला.

हेच तत्त्व शिक्षण, आरोग्य व निवास यांना लागू करणे आणि मूळ गावी रोजगार वाढविणे, या दोन्ही बाजू सांभाळल्या तरच स्थलांतर ही अगतिकता न राहता निवड ठरेल.