खात नाहीत, मग मारतात कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याच्या घरी नेहमीसारखी गर्दी होती. ताईची दोन्ही मुलं, काकांकडची मंडळी, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून करंज्यांना मुरड घालणारी आजी. भाच्याने मोबाइलवर काहीतरी शोधून काढलं आणि ओरडला, "मामा, याच्या शेवटी तुझं नाव आहे!" बघतो तर कॅन्ससमधल्या कायोटीच्या शिकारीची आमचीच फिल्म. मी काही बोलायच्या आत त्याने ती टीव्हीवर लावलीसुद्धा. बर्फाळ माळ, लांबून पळत येणारा एक प्राणी, बंदुकीचा आवाज, प्राणी आडवा. परत माळ, परत प्राणी, परत आवाज.

आजीची करंजी हातातच राहिली. "कोल्हा का रे हा?"

"कोल्ह्याचा भाऊ समज. तिकडे कायोटी म्हणतात."

"खातात का ते लोक?"

"नाही."

"खात नाहीत, मग मारतात कशाला?"

मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मुलांना आणि आजीला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडून लिहितो आहे.

एम. एस. करताना मी दोन वर्षं कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन या गावी होतो. न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन ते वेगळं. हे विद्यापीठाचं छोटं गाव आहे आणि त्याच्या आजूबाजूला फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्या पसरल्या आहेत. जमिनीत थोडं खाली गेलं की दगड लागतो, त्यामुळे तिथे नांगर फारसा चालला नाही. गवत टिकलं आणि त्या गवतावर गाई वाढवणारी कुटुंबंही. माझ्या वर्गातला एक मित्र अशाच कुटुंबातला. तो हिवाळ्यात कायोटीच्या शिकारीला जायचा आणि तिचं चित्रण करायचा. पण नेम धरायचा आणि कॅमेराही सांभाळायचा, हे एकट्याला जमत नव्हतं. मी बडोद्यात नवरात्रीत गरब्याचे व्हिडिओ काढायचो, हे त्याला कुठून तरी कळलं. "बंदूक माझी, कॅमेरा तुझा," तो म्हणाला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाच महिने, मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी त्याच्याबरोबर गेलो.

कॅन्ससमध्ये कायोटीच्या शिकारीला बंद हंगाम नाही, ती वर्षभर चालते. तरीही शिकाऱ्यांचा खरा हंगाम थंडीचाच. तेव्हा कातडीवरची लव दाट असते आणि गवत आडवं झाल्याने लांबवरचं दिसतं. महिन्यागणिक खेळ बदलतो. ऑक्टोबरमध्ये त्या वर्षीची पिल्लं आईबापांपासून वेगळी होऊन नवी जागा शोधत भटकत असतात. अनुभव कमी, भूक जास्त. सशाच्या ओरडण्याचा आवाज ऐकला की सरळ धावत येतात. डिसेंबरपर्यंत वाचलेल्यांच्या कानाला खडा लागलेला असतो. जानेवारीच्या अखेरीपासून जोड्या जमण्याचा काळ येतो. मग सशापेक्षा दुसऱ्या कायोटीची कोल्हेकुई जास्त काम करते, कारण आपल्या हद्दीत कोण शिरलं ते बघायला जोडी बाहेर पडते. साधारण दोन महिन्यांनी, एप्रिलच्या सुमारास, पिल्लं होतात.

प्रत्यक्ष शिकार म्हणजे मुख्यतः बसणं. गाडी टेकडीच्या पलीकडे उभी करायची, दार न आपटता हळूच लावायचं, वारा तोंडावर किंवा बाजूने येईल अशी जागा धरायची. चाळीसेक यार्डांवर रिमोटवर चालणारा स्पीकर ठेवायचा आणि जखमी सशाचा आवाज सुरू करायचा. मग वीस मिनिटं पापणीशिवाय काही हलवायचं नाही. कायोटी कान आणि डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवतो. तो सरळ येत नाही, वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि वास घेतो. माणसाचा वास आला की संपलं. थंडी उणे पंधराच्या खाली गेली की कॅमेऱ्याची बॅटरी बघता बघता मान टाकते, म्हणून जादा बॅटऱ्या मी स्वेटरच्या आत, अंगाशी धरून बसायचो.

माझ्या वहीत नोंद आहे: पाच महिन्यांत आम्ही ४३ वेळा असे बसलो. २६ वेळा कोणीही आलं नाही. एकूण चित्रण अठरा तासांचं झालं. भाच्याने लावलेली फिल्म अकरा मिनिटांची आहे. ती बघून वाटतं, तिथे गेलं, आवाज दिला आणि झालं!

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो.

पहिलं उत्तर मित्राच्या वडिलांचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई वितात. नुकतं जन्मलेलं, धड उभंही न राहिलेलं वासरू कायोटीच्या तावडीत सापडू शकतं. अर्धवट खाल्लेलं एक वासरू मी स्वतः पाहिलं आणि ते पाहणाऱ्या माणसाचा चेहराही पाहिला. तिथे दयेवर व्याख्यान देण्याची माझी छाती झाली नाही. पण हेही खरं, की तिथल्या पशुपालकांची वासरं श्वसनाच्या रोगांनी आणि विण्याच्या अडचणींनी जितकी दगावतात, त्या मानाने शिकारी प्राण्यांनी मारलेली थोडी. कायोटीचं रोजचं जेवण म्हणजे उंदीर, ससे, मेलेली जनावरं, टोळ आणि फळं. कलिंगडाच्या शेतात तर तो शिरतोच. आपला कोल्हा काकडीला राजी, हा कलिंगडाला!

बरं, मारून तो कमी होतो का? अमेरिकेने गेलं शतकभर बंदूक, सापळे, विष सगळं करून पाहिलं. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर शिकारी प्राण्यांना विष घालणं थांबवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी टेक्सासमधल्या एका अभ्यासात दिसलं, की जिथे कायोटी जास्त मारले जातात तिथे माद्यांना एका वेळी पिल्लंही जास्त होतात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी हिशेब मांडला, की दरवर्षी पंचाहत्तर टक्के कायोटी मारत राहिलं, तरी त्यांचा नायनाट व्हायला पन्नासहून थोडी जास्त वर्षं लागतील. आणि झालं उलटंच. लांडगे संपले, जागा मोकळी झाली आणि एके काळी माळावर राहणारा हा प्राणी हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत पोहोचला. शिकागोसारख्या शहरातही तो सुखाने नांदतो.

दुसरं उत्तर कातडीचं. थंडीच्या जाकिटाच्या टोपीला जी केसाळ किनार असते, ती बऱ्याचदा कायोटीची. मित्र शाळेत असताना कातडी विकून पेट्रोलचा खर्च निघायचा. मग फॅशन फिरली. कॅनडा गूज या मोठ्या कंपनीने २०२१ च्या अखेरीस नवी लव विकत घेणं बंद केलं. "आता कातडी सोलायला लागतो तो वेळही फुकट जातो," मित्र म्हणायचा.

म्हणजे वासराचं कारण अर्धं खरं आणि कातडीचं संपत आलेलं. मग आम्ही दर शनिवारी पहाटे चारला कशासाठी उठत होतो? याचं उत्तर मला जानेवारीतल्या एका दुपारी मिळालं आणि ते सांगायला मला अजूनही जड जातं.

चित्रण करताना आमच्यात एक ठरलेली पद्धत होती. कायोटी दिसला की मित्र कुजबुजायचा, "मिळाला?" तो माझ्या चौकटीत नीट आला की मी "मिळाला" म्हणायचं, मगच त्याने गोळी झाडायची. असे व्हिडिओ काढणारे बहुतेक लोक असंच करतात, नाहीतर ऐन क्षणी पडद्यावर नुसतं गवत दिसतं. त्या दिवशी कायोटी डावीकडून आला आणि जेमतेम सत्तर यार्डांवर थांबला. त्या अंतरावरून मित्राचा नेम चुकला नसता, एका क्षणात काम संपलं असतं.

"मिळाला?"

मी लेन्स जास्तच जवळ ओढून ठेवली होती. चौकटीत गवत, फक्त गवत. "थांब," मी म्हणालो. तेवढ्यात त्याला आमचा वास लागला आणि तो वळला. मला सापडला तेव्हा तो दोनशे यार्डांच्या पलीकडे दुडक्या चालीने निघून जात होता. आणि मी म्हणालो, "मिळाला."

गोळी मागच्या पायाला लागली. तो पडला, उठला आणि तीन पायांवर टेकडीपलीकडे गेला.

आम्ही अडीच तास बर्फातले ठिपके बघत चाललो. शेवटी कच्च्या रस्त्याखालच्या मोरीत तो सापडला. मित्राने जे करायचं ते केलं. मी कॅमेरा बंद ठेवला होता. परतताना गाडीत कोणी बोललं नाही. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "कॅमेरा नसता तर मी पहिल्याच वेळी झाडली असती. आणि दुसऱ्या वेळी झाडलीच नसती." तो माझ्यावर चिडला नव्हता. स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला.

त्यानंतर नियम बदलला: कॅमेऱ्यासाठी थांबायचं नाही आणि कॅमेऱ्यासाठी झाडायचं नाही. पुढच्या चित्रणात कितीदा तरी नुसतं आकाशच आलं. पण त्या दुपारचा भाग फिल्ममध्ये घ्यायचा की नाही, यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, ठेव. तो म्हणाला, लोक शिव्या घालतील, आणि ज्यांना शिव्या घालायच्या नाहीत ते चॅनेल बदलतील. फिल्म त्याची होती. तो भाग कापला गेला, आणि कापला मीच.

म्हणून आजीच्या प्रश्नाचं तिसरं उत्तर: काही वेळा दाखवण्यासाठी मारतात. यात तिकडच्यांना नावं ठेवायला नकोत. आपल्याकडच्या जुन्या संस्थानांचे फोटो आठवा. मेलेल्या वाघापाठीमागे बंदूक घेऊन उभे राहिलेले राजेसाहेब आणि त्यांचे पाहुणे. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. त्या तिघांसोबतचा महाराजांचा फोटो आजही पाहायला मिळतो. कॅमेरा मोबाइलमध्ये आल्याने फरक एवढाच पडला, की आता फोटोसाठी महाराज असावं लागत नाही.

अमेरिकेतही यावर भांडण चालू आहे. जास्तीत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देण्याच्या स्पर्धा होतात. कॅलिफोर्नियाने २०१४ साली अशा बक्षिसांवर बंदी घातली, मागोमाग आणखी काही राज्यांनीही. यात विशेष म्हणजे काही जुने शिकारीच बंदीच्या बाजूने बोलले. मित्राच्या वडिलांचंही मत काहीसं तसंच. त्यांच्या कुरणाच्या उत्तरेला एक जोडी तीन वर्षं राहत होती आणि तिने एकाही वासराला हात लावला नव्हता. "तिला मारू नका," ते आम्हाला बजावायचे. "ती आहे तोवर दुसरं कोणी इथे शिरत नाही. गेली, की नवे कोण येतील आणि कसे असतील, काय सांगावं?" व्हिडिओला हवे असतात पळत येणारे पुष्कळ कायोटी. शेतकऱ्याला हवा असतो वासरं मारणारा एखाददुसरा नाहीसा झालेला. ही दोन कामं वेगळी आहेत, हे मला पाच महिन्यांनी उमगलं.

हे सगळं ऐकून मोठ्या भाच्याने एकच विचारलं, "म्हणजे तू थांब म्हणालास म्हणून त्याला एवढं लागलं?"

"हो," मी म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. धाकटी म्हणाली, "मग न कापलेलं दाखव ना."

लॅपटॉपवर ते अठरा तास पडलेलेच होते. मी फेब्रुवारीतली एक सकाळ लावली. त्या दिवशी आम्ही उत्तरेच्या कुरणात बंदूक न घेता गेलो होतो. पहिली सात-आठ मिनिटं नुसतं गवत आणि वारा. मुलं उठून जातील असं वाटलं, पण बसली. मग जोडीतला एक बाहेर आला. चालता चालता थबकला, मान कलती केली, कान बर्फाकडे रोखले. आणि एकदम हवेत उंच उडी घेऊन नाकावर खाली! अर्धं अंग बर्फात, शेपूट वर. बाहेर आला तेव्हा तोंडात उंदीर.

"परत लाव, परत लाव," धाकटी ओरडली. तीनदा लावला.

आजीचं माहेर नवसारीकडचं. तिने चष्मा पुसला. "आमच्या उसात असाच शिरायचा," ती म्हणाली. "बाबा रात्री डबे बडवायचे. सकाळी चघळलेली कांडकी सापडायची." मग भाच्याकडे वळून म्हणाली, "मघाचं ते नको. हे परत एकदा लाव रे, मला उडी नीट दिसली नाही."